खेळ, गाणं आणि खिसा

चेन्नईत अण्णा सालईला, म्हणजे जुन्या माउंट रोडला, लागून चिंताद्रिपेटच्या बाजूला गल्ल्यांचं एक जाळं आहे. नरसिंगपुरम स्ट्रीट, मीरान साहिब स्ट्रीट, वॉलर्स रोड अशी त्या गल्ल्यांची वेगवेगळी नावं असली, तरी सारं शहर त्यांना एकाच नावाने ओळखतं : रिची स्ट्रीट. सोल्डरच्या तारेपासून मदरबोर्डपर्यंत आणि रिमोटच्या बटणापासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं इथे मिळतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वाढलेल्या माणसाला इथे भाषा सोडून काहीही परकं वाटणार नाही. फक्त हेडफोनांच्या विक्रीवर उभी राहिलेली ‘हेडफोन झोन’ ही राघव सोमाणी यांची कंपनीही चेन्नईचीच. तेव्हा या वस्तूची चौकशी करायला हे शहर योग्य आहे.

ओएमआरवरच्या, म्हणजे ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या, कंपन्यांत नोकरीला लागलेली, कट्टनकुळत्तूर किंवा गिंडीच्या वसतिगृहांत राहणारी बरीच मराठी मुलं आज चेन्नईत आहेत. त्यांची गरज साधी असते. रात्री मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर दोन डाव खेळायचे आणि उरलेल्या वेळी गाणी ऐकायची. मोबाइलबरोबर आलेला जुना इअरफोन आता पुरत नाही आणि हातात दोन ते दहा हजार रुपये आहेत. दुकानात गेलं की रंगीत दिव्यांचे ‘गेमिंग’ हेडसेट एका बाजूला आणि काळे, साधे, ‘स्टुडिओ’ लिहिलेले हेडफोन दुसऱ्या बाजूला मांडलेले दिसतात. यातलं काय घ्यावं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. खेळाला एक आणि गाण्याला दुसरा, असे दोन हेडफोन लागत नाहीत. नीट निवडलेला एकच हेडफोन दोन्ही कामं करतो. फक्त ती निवड किमतीवरून किंवा खोक्यावरच्या शब्दावरून करायची नाही. याचा एक दाखला बाजारातच आहे. हायपरएक्स कंपनीचा ‘क्लाउड’ हा २०१४ मध्ये आलेला हेडसेट गेमिंगच्या दुनियेत अतिशय गाजला. तो मुळात टाकस्टार या चिनी कंपनीच्या ‘प्रो ८०’ या संगीतासाठी केलेल्या हेडफोनवर बेतलेला होता. त्याला माइक जोडला, गाद्या बदलल्या आणि तो खेळाडूंचा लाडका झाला.

किंमत काय सांगते, काय सांगत नाही

ध्वनिशास्त्रज्ञ येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजणी तपासली. खर्जापासून तारापर्यंतच्या पट्टीत प्रत्येक हेडफोन कोणता सूर किती मोठ्याने ऐकवतो, याचा आलेख त्यांनी किमतीशी ताडून पाहिला. दोन्हींचा काहीही संबंध आढळला नाही. महाग हेडफोन घेतला म्हणून त्याच्या सुरांचा तोल चांगला असेलच असं नाही, आणि स्वस्त घेतला म्हणून वाईट असेलच असंही नाही.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? मजबूत बांधणी, बिनवायरीची सोय, बाहेरचा गोंगाट कापणारी यंत्रणा, सुटे भाग, माइक आणि जाहिरात यांत. यातल्या काही गोष्टी नक्कीच मोलाच्या आहेत. पण आपलं बजेट लहान असेल, तर कोणत्या गोष्टीचे पैसे मोजतो आहोत हे माहीत असायला हवं. दहा रंगांत लुकलुकणारा दिवा तुमच्या कानाला काहीच देत नाही, आणि त्याची किंमत मात्र तुमच्याच खिशातून जाते.

चांगला तोल म्हणजे काय, याचाही अभ्यास झालेला आहे. हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ नंतरच्या काही वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या श्रोत्यांना निरनिराळ्या तोलाचे आवाज ऐकवले. बहुतेकांना आवडलेला तोल बराचसा सारखा निघाला : चांगले स्पीकर चांगल्या खोलीत जसे ऐकू येतात, त्याच्या जवळ जाणारा. आज अनेक स्वस्त हेडफोन आणि इअरफोन हाच तोल समोर ठेवून बनवले जातात. कमी पैशांत चांगलं ऐकण्याचे दिवस आले आहेत, त्याचं हे एक मोठं कारण.

मृदंग का बिघडतो

बहुतेक हेडफोनांची रचना एकसारखी असते. चुंबकाच्या फटीत तारेचं एक बारीक वेटोळं आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. वेटोळ्यातून गाण्याची वीज खेळली की ते पुढेमागे हलतं, पडदा हवेला ढकलतो आणि आवाज होतो. हा पडदा सगळे सूर सारख्याच निष्ठेने उचलत नाही. कुठे जोर जास्त लागतो, कुठे कमी. हीच त्याची खोड, आणि तीच आपल्याला ओळखायची असते.

या खोडीने काय बिघडतं, हे समजायला चेन्नईइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले सी. व्ही. रामन प्रकाशावरच्या कामासाठी जगाला माहीत आहेत. पण त्यांनी आपल्या वाद्यांवरही मनापासून काम केलं. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली, तर निघणारे वरचे स्वरांश मूळ सुराशी सुरेल नात्यात बसत नाहीत. म्हणून साध्या ढोलातून ठाम सूर उमटत नाही. मृदंगाला आणि तबल्याला मात्र मधोमध शाई भरलेली असते. त्या भारामुळे पहिले काही स्वरांश मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेमक्या पटीत येतात आणि वाद्य सुरात बोलतं. हे रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये मांडलं आणि १९३४ मध्ये सविस्तर लिहिलं.

आता हाच मृदंग खर्ज फुगवलेल्या हेडफोनमधून ऐका. डाव्या तोंडाचा ‘तोम’ घुमत राहतो आणि त्याखाली उजव्या बाजूच्या शाईची नाजूक आस दबून जाते. मूळ सूर आणि स्वरांश यांचं प्रमाण बिघडलं की मृदंगाचं मृदंगपण जातं. खालचा मोठा आवाज वरचे बारीक आवाज झाकतो, हा कानाचाच स्वभाव आहे. आणि नेमकी हीच गोष्ट खेळात तुम्हाला हरवते. स्फोटाचा घुमारा कान भरून टाकतो आणि मागच्या जिन्यावर वाजलेलं पाऊल ऐकूच येत नाही. खर्ज ठोकून वाजवणारा ‘गेमिंग’ हेडसेट मृदंग बिघडवतो आणि पाऊलही लपवतो. एकच दोष दोन्हीकडे आडवा येतो.

शत्रू कोणत्या बाजूला आहे

आवाजाची दिशा आपल्याला कशी कळते, याचा पाया लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये घातला. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्या कानाला थोडा उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतकाच असतो. उंच सुरांच्या बाबतीत डोक्याची सावलीही पडते, म्हणून ते पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतात. वेळेतला फरक आणि जोरातला फरक यांवरून मेंदू डावं-उजवं ठरवतो. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं ओळखायला मात्र कानाची पाळी कामी येते. तिच्या वळ्यांवर आपटून आवाजाच्या वरच्या पट्टीत बारीक फरक पडतात आणि मेंदू ते लहानपणापासून वाचायला शिकलेला असतो.

या माहितीवरून ‘७.१ सराउंड’ या दाव्याचा उलगडा होतो. बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच पडदा असतो. सात दिशांचा आभास सॉफ्टवेअर निर्माण करतं, आणि ते कानाच्या पाळीने होणारे फरक आवाजात मिसळून केलं जातं. हे काम साध्या दोन पडद्यांच्या हेडफोनवरही तितकंच नीट होतं. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘व्हॅलोरंट’ या खेळांत ही सोय खेळातच आहे. विंडोजमध्येही ‘विंडोज सॉनिक’ फुकट मिळतं. त्यासाठी वेगळे पैसे देऊन ‘७.१’चं खोकं घ्यायची गरज नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. खेळाची सोय चालू असेल, तर हेडसेटची आणि विंडोजची बंद ठेवायची. एकावर एक दोन प्रक्रिया चढल्या की दिशा धूसर होते. आणि गाणं ऐकताना तिन्ही बंद. गाणं ध्वनिमुद्रकाने दोन बाजूंसाठी जुळवलेलं असतं. त्यात कृत्रिम खोली घातली की गायकाचा आवाज लांब आणि पोकळ वाटू लागतो.

उघडा की बंद

१९६८ मध्ये जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ हा हेडफोन आणला. त्याची पाठ उघडी होती. पडद्याच्या मागचा आवाज कोंडून न ठेवता बाहेर जाऊ दिला होता. तेव्हापासून हेडफोनांच्या दोन जाती झाल्या. उघड्या पाठीचा आवाज मोकळा वाटतो, डोक्याभोवती पसरल्यासारखा भासतो आणि कानाला वारा लागतो. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, आपला आवाज बाहेर जाऊ देत नाही आणि खर्ज भरीव देतो.

जाणकार सहसा सांगतात की खेळ आणि गाणं दोन्हींसाठी उघडा घ्या. शांत खोलीत हा सल्ला अगदी बरोबर आहे. चेन्नईत मात्र आधी आपली खोली ऐकावी लागते. वर्षातले बहुतेक महिने डोक्यावर पंखा पाचावर फिरत असतो. खिडकीतला एसी घरघरतो, खाली रिक्षांचे हॉर्न वाजतात. उघडा हेडफोन हे सगळं आत घेतो. मग माणूस आवाज वाढवतो, आणि शेवटी त्याची किंमत कान मोजतो. शिवाय तुमच्या रूममेटला रात्री दोन वाजता तुमचा गोळीबार ऐकायचा नसतो.

म्हणून निवड अशी करावी. स्वतंत्र खोली आणि शांत एसी असेल, तर उघडा. वसतिगृह, वाटून घेतलेली खोली किंवा रस्त्यावरचं घर असेल, तर बंद हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारा वायरचा इअरफोन. उकाडा सोसत नाही आणि घरही अगदीच गोंगाटाचं नाही, अशांना अर्ध्या उघड्या पाठीचा हेडफोन मधला मार्ग आहे.

गादी, चष्मा आणि घाम

हेडफोनचा खर्ज पडद्याइतकाच गादीवर अवलंबून असतो. गादी कानाभोवती नीट टेकली नाही की त्या फटीतून खर्ज निसटतो. बंद हेडफोनमध्ये हे सर्वांत जास्त जाणवतं. चष्मा लावणाऱ्यांनी हे स्वतः करून पाहावं : गाणं चालू ठेवून चष्म्याची काडी गादीखालून काढायची आणि परत घालायची. खर्जात फरक पडला, तर ती गादी तुमच्या डोक्याला योग्य नाही. मऊ, जाड गादी काडीभोवती बसते, कडक गादी फट ठेवते. दुकानात कानाला सुखद वाटलेला आवाज घरी पातळ का झाला, याचं उत्तर पुष्कळदा या काडीतच सापडतं.

समुद्रकाठच्या दमट हवेचा दुसरा फटका गादीच्या कातडीला बसतो. स्वस्त हेडफोनांवरचं ‘लेदर’ म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. उष्णता आणि ओलावा मिळाला की त्या थराचे रासायनिक बंध तुटतात, आणि काही काळाने कानाला काळे पापुद्रे चिकटू लागतात. तेव्हा घेतानाच विचारावं : गादी काढता येते का, आणि सुटी मिळते का? मखमली कापडाची गादी सोलत नाही आणि घामही कमी धरते. मात्र गादी बदलली की आवाजाचा तोलही थोडा बदलतो. हेडफोन वापरून झाला की कोरड्या फडक्याने पुसावा आणि सिलिका जेलची पुडी घातलेल्या डब्यात ठेवावा. चेन्नईत याने त्याचं आयुष्य खरोखर वाढतं.

ओहमचा हिशेब

खोक्यावरचे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात : अवरोध, म्हणजे किती ओहम, आणि संवेदनशीलता, म्हणजे १ मिलिवॅट शक्तीला किती डेसिबल. नुसत्या ओहमवरून काही कळत नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा लॅपटॉपचा जॅक १ व्होल्ट देतो. बायरडायनॅमिकचा ‘डीटी ९९० प्रो’ २५० ओहमचा आहे, संवेदनशीलता ९६ डेसिबल. १ व्होल्टला त्यात ४ मिलिवॅट जातात आणि आवाज जास्तीत जास्त १०२ डेसिबलपर्यंत चढतो. खेळाला हे पुरेसं आहे. पण शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणात मंद आलाप आणि जोरकस तान यांत मोठं अंतर असतं, तिथे ही मर्यादा जाणवू लागते. याउलट १०० डेसिबल संवेदनशीलतेचा ३२ ओहमचा हेडफोन त्याच जॅकवर ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या मोठ्याने ऐकायचं मुळीच नसतं. त्याचा अर्थ इतकाच की जॅकवर ताण येत नाही.

यातून बजेटचा नियम निघतो. ८० ओहमपर्यंतचा, साधारण ९५ डेसिबलच्या वरचा हेडफोन घेणार असाल, तर अॅम्प्लिफायरसाठी पैसे बाजूला काढू नका, ते हेडफोनमध्येच घाला. २५० किंवा ३०० ओहमचा मोह झाला, तर अॅम्प्लिफायरची किंमत धरूनच हिशेब करा.

कॉम्प्युटरची एक तक्रार मात्र खरी असते. पुढच्या जॅकला हेडफोन लावला की माउस हलवताना किंवा ग्राफिक्स कार्डावर ताण आला की किरकिर ऐकू येते. कॅबिनेटच्या आतून जॅकपर्यंत जाणारी वायर आतल्या विजेचा उपद्रव गोळा करते. आधी मागचा जॅक वापरून पाहावा, त्याला खर्च नाही. तरीही किरकिर राहिली, तर यूएसबीचा छोटा डोंगल घ्यावा. त्यात ध्वनीचं रूपांतर कॅबिनेटच्या बाहेर होतं आणि हजार रुपयांच्या आसपास काम भागतं.

पिनेवरच्या काळ्या रेघा

हेडफोनची पिन हातात घेऊन बघा. सोनेरी किंवा चंदेरी दांडीवर काळ्या रेघा दिसतील. दोन रेघा म्हणजे तीन भाग : टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं आणि उरलेलं दोघांचं सामाईक. तीन रेघा म्हणजे चार भाग, चौथा माइकचा. लॅपटॉपचा एकच जॅक सहसा चार भागांचा असतो. डेस्कटॉपवर मात्र बहुतेक वेळा आवाजाचा आणि माइकचा असे दोन वेगळे जॅक असतात. तिथे तीन रेघांची पिन लावली की आवाज येतो आणि माइक मुका राहतो. पुष्कळ जण अशा वेळी हेडसेट खराब आहे असं समजून परत करायला निघतात. खरं तर एका पिनेच्या दोन करणारी छोटी वायर लावली की काम होतं.

माइकमुळेच अनेक जण संगीताच्या हेडफोनऐवजी गेमिंग हेडसेटकडे वळतात. त्याची गरज नाही. शर्टाला लावायचा वायरचा कॉलर माइक, बोयासारख्या कंपन्यांचा, थोडक्या पैशांत मिळतो. चांगला हेडफोन आणि कॉलर माइक ही जोडी बहुतेक वेळा त्याच किमतीच्या हेडसेटपेक्षा सरस ठरते, आणि एक बिघडला तरी दुसरा शाबूत राहतो.

बिनवायरीबद्दल थोडक्यात. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. गाण्याला याचं काही नाही, पण गोळी दिसल्यावर तिचा आवाज पाव सेकंदाने आला, तर खेळ गेला. शिवाय त्यावर माइक सुरू केला की आवाज फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. वेगळ्या यूएसबी रिसीव्हरचे २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट या बाबतीत बरेच चांगले असतात, पण त्याच किमतीतला वायरचा हेडफोन आवाजात पुढे असतो. बजेट लहान असेल, तर वायर बरी.

गल्लीत उतरताना

आता पैशांकडे वळू. किमती चढत-उतरत असतात, म्हणून पुढचे आकडे अंदाजाचेच धरावेत.

हातात दोन हजार असतील, तर वायरचा, कानात बसणारा इअरफोन घ्यावा. मूनड्रॉप ‘चू’, टँगझू ‘वानर’, सेव्हन हर्ट्झ ‘झीरो’ या जातीचे इअरफोन त्या किमतीत थक्क करणारा तोल देतात. गोंगाट अडवतात, गादीचा प्रश्न नसतो. दमट हवेत मात्र कानाच्या आत बुरशीचा संसर्ग सहज होतो. म्हणून रबरी टोकं धुऊन पूर्ण कोरडी करूनच घालावीत आणि दुसऱ्याला वापरायला देऊ नयेत.

तीन ते पाच हजारांत सुपरलक्स ‘एचडी ६८१’ किंवा सॅमसन ‘एसआर ८५०’ हे अर्ध्या उघड्या पाठीचे, किंवा ऑडिओ-टेक्निकाचा बंद ‘एम २० एक्स’ पाहावा. सुपरलक्सचे वरचे सूर टोचतात. त्यावरचा इलाज पुढे येतोच. आठ-दहा हजारांपर्यंत जाता आलं, तर बंद हवा असणाऱ्यांनी ‘एम ४० एक्स’, आणि शांत खोली असलेल्यांनी हायफायमॅनचा उघडा ‘एचई ४०० एसई’ ऐकून पाहावा. हायफायमॅनचा सपाट पडदा चुंबकांलगत ताणलेला असतो. त्याचा अवरोध २५ ओहम असूनही संवेदनशीलता ९१ डेसिबलच आहे. नुसत्या ओहमवर भुलू नका असं म्हटलं, ते यासाठीच.

दुकानात डेमोचा नग असेल, तर आपला फोन आणि आपली गाणी घेऊन जावं. दुकानदार जे गाणं लावतो, ते हेडफोनला शोभणारं असतं. दोन हेडफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा मोठा ठेवावा, कारण जरा मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच जास्त चांगला वाटतो. तीन गोष्टी ऐकाव्यात. पहिली, तानपुऱ्यावर गायलेला संथ आलाप. किशोरीताई आमोणकरांचा एखादा खयाल लावला, तर आवाजाला नाकातली किंवा पत्र्याची झाक येते का हे लगेच कळतं. दुसरी, मृदंगाचं एकल वादन. तिसरी, इळैयाराजा यांचं एखादं चित्रपटगीत. त्यांच्या गाण्यांतलं बेस गिटार स्वतंत्र चालीने फिरतं. त्यातला प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला, तर खर्ज शिस्तीचा आहे. नुसतं धम्म धम्म ऐकू आलं, तर खोकं परत करावं. त्यानंतर हेडफोन वीस मिनिटं डोक्यावर ठेवून गप्पा माराव्यात. कानाची पाळी दुखली किंवा टाळूवर दाब आला, तर कितीही चांगला वाजत असला तरी तो तुमचा नव्हे.

या परीक्षेत कानाला खरा मापदंड हवा असेल, तर चेन्नईत त्याची सोय आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मार्गळी या तमिळ महिन्यात शहरभर शेकडो ‘कचेऱ्या’, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफली, होतात आणि कित्येक संगीतसभांमधल्या दुपारच्या मैफलींना तिकीट नसतं. पुढच्या रांगेत बसून मृदंग आणि व्हायोलिन ऐकावं. ज्याने ते समोर बसून ऐकलं आहे, त्याला कोणताही विक्रेता चुकीच्या आवाजाला चांगलं म्हणायला लावू शकत नाही.

पैसे देताना जीएसटीचं बिल घ्यावं आणि खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता व कमाल किंमत छापलेली आहे का ते पाहावं. आयात केलेल्या मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नकली मालात बहुधा इथेच खोट सापडते. शक्यतो सुटी होणारी वायर असलेला नग घ्यावा, कारण हेडफोनची वायर सर्वांत आधी पिनेपाशी तुटते. न सुटणारी तुटली, तरी लगेच फेकू नये. याच गल्ल्यांत नवी पिन सोल्डर करून देणारे कारागीर बसतात.

फुकटची सुधारणा

हेडफोन घरी आल्यावर एक रुपयाही न घालता आणखी सुधारणा करता येते. ‘इक्वलायझर एपीओ’ हे विंडोजसाठीचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ‘ऑटोईक्यू’ नावाच्या खुल्या प्रकल्पात हजारो हेडफोनांच्या उपलब्ध मोजणीवरून प्रत्येकाची खोड भरून काढणारे आकडे तयार ठेवलेले आहेत. आपल्या हेडफोनचे आकडे त्यात घातले की सुपरलक्सचे टोचणारे सूर खाली येतात आणि फुगलेला खर्ज जागेवर बसतो. खेळासाठी खर्ज आणखी थोडा उतरवलेली दुसरी मांडणी करून ठेवावी. मात्र एकूण आवाज थोडा खाली घ्यायला विसरू नये, नाहीतर वाढवलेले सूर फाटतात. तोल असा दुरुस्त करता येतो, पण दुखणारी गादी आणि तुटकी बिजागरी सॉफ्टवेअरने नीट होत नाही. म्हणून विकत घेताना आरामाला आणि बांधणीला आवाजाच्या बरोबरीने मोजावं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ९० डेसिबलवर आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. रात्री चार तास खेळणारा मुलगा ती मर्यादा सोमवारीच संपवतो. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. म्हणून पंख्याचा आवाज झाकायला व्हॉल्यूम वाढवू नका, गोंगाट अडवणारा हेडफोन घ्या. खेळाच्या सेटिंगमध्ये स्फोट आणि संगीत खाली ओढा, म्हणजे पावलं ऐकायला एकूण आवाज चढवावा लागणार नाही. खरेदीला निघताना कागदावर रुपयांचं बजेट लिहालच. त्याच्या शेजारी तासांचं बजेटही लिहा : ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. हेडफोन कोणताही निवडलात, तरी हा आकडा बदलत नाही.